हिरडा रोज घेतला तर चालतो का? जरा सविस्तर सांगतो

प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. विचारणाऱ्यांचं वय चाळिशीच्या आतबाहेर, बैठं काम, पोट साफ होत नाही म्हणून कुणीतरी सांगितलं आणि त्यांनी रोज रात्री चमचाभर हिरडा पावडर गरम पाण्यातून सुरू केली. सुरवातीचे काही दिवस एकदम मस्त, मग हळूहळू गुण यायचा कमी झाला, आता चार महिने झालेत आणि उलट खडा धरतोय, तोंड कोरडं पडतंय, मधूनच मुरडा येतो. तर डोस वाढवू का, की हिरडा सोडून त्रिफळा घेऊ, घरातल्या तान्ह्या बाळाच्या गुटीत हिरडा असतोच मग तो सेफच असणार ना, आणि शेताच्या बांधावर हिरड्याचं झाड लावायचंय ते जमेल का, असे एकात एक चार प्रश्न आहेत.

पहिल्याचं उत्तर लगेच देऊन टाकतो, डोस वाढवू नका. उलट आजपासून आठ-दहा दिवस बंदच करा. हिरड्यात काही खोट नाही, पण तुम्ही ज्या पद्धतीने घेताय ती तुमच्या पोटाला मानवत नाहीये, आणि का मानवत नाही हे कळलं की बाकीच्या प्रश्नांची उत्तरं निम्मी तिथेच मिळतात.

लोकांच्या डोक्यात हिरडा म्हणजे जुलाबाचं औषध असं पक्कं बसलंय. सोनामुखी, एरंडेल, हिरडा, सगळे एकाच रांगेत. पण हिरड्याच्या सालीचा तुकडा जिभेवर ठेवून बघा, पहिली चव येते ती तुरट, इतकी की जीभ आखडते, गालाच्या आतून ओढल्यासारखं होतं, आणि मग थोड्या वेळाने पाणी प्यायलं की ते किंचित गोडसर लागतं. ही तुरट चव म्हणजे टॅनिन. हिरड्यात ते भरपूर असतं, चेब्युलिनिक ॲसिड, चेब्युलॅजिक ॲसिड, गॅलिक ॲसिड वगैरे मंडळी त्यातलीच. टॅनिनचा स्वभावच आवळून धरायचा, म्हणून तर त्याने कातडं कमावतात. आता गंमत अशी की हाच हिरडा आतड्याची गतीही वाढवतो, अडकलेलं खाली ढकलतो, ज्याला आपण अनुलोमन म्हणतो. म्हणजे एकाच फळात ढकलणारं पण आहे आणि सुकवणारं पण आहे. कुणाच्या पोटात कोणतं काम जास्त दिसेल हे त्या माणसाच्या कोठ्यावर, म्हणजे पोटाच्या ठेवणीवर, खाण्यावर, आणि हिरडा कच्चा घेतला की भाजून की उकडून यावर ठरतं.

आयुर्वेदात हिरड्याला खारट सोडून पाचही रस म्हणजे चवी सांगितल्यात, त्यात मुख्य तुरट. गुण हलका आणि रूक्ष म्हणजे कोरडा, वीर्य म्हणजे अंगातला प्रभाव उष्ण. आता तुम्ही तुमचं रोजचं खाणं लिहिलंय, सकाळी टोस्ट नाहीतर चुरमुरे, दुपारी कोरडी पोळीभाजी, वजनाच्या भीतीने तूप बंद, पाणी आठवलं तर. म्हणजे आधीच कोरडं पोट, त्यावर रोज रात्री चमचाभर रूक्ष आणि तुरट पावडर. पहिले काही दिवस आत जे साठलेलं होतं ते निघालं, तुम्हाला वाटलं वा काय औषध आहे, पण साठा संपल्यावर रोज ती पावडर आतड्यातला ओलावा तेवढा ओढत राहिली. चरकसंहितेत चिकित्सास्थानाची सुरवातच हिरडा-आवळ्याच्या रसायनाने होते, इतका मान हिरड्याला आहे, आणि तरी त्याच प्रकरणात हिरडा कुणी घेऊ नये त्याची यादी दिलीय, त्यात अजीर्ण असलेला, कोरडं खाणारा, दारूने किंवा विषाने खंगलेला, भूक-तहान-उन्हाने कावलेला अशी सगळी माणसं आहेत. कोरडं खाणारा हा शब्द वाचला की मला हल्लीचे निम्मे ऑफिसवाले पेशंट डोळ्यासमोर येतात.

आता मुख्य मुद्दा, जो पाकिटावर कधीच लिहिलेला नसतो. हिरडा घ्यायचे चार प्रकार भावप्रकाश या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात सांगितलेत आणि चारही वेगळं काम करतात. चावून खाल्ला तर भूक वाढवतो, अग्नी सुधारतो. वाटून म्हणजे पावडर किंवा कल्क (ओली चटणी) करून घेतला तर पोट साफ करतो. उकडून घेतला तर उलट मल बांधतो, म्हणजे पातळ होत असेल त्याला द्यायचा. आणि भाजून किंवा तळून घेतला तर वात, पित्त, कफ या तिन्ही दोषांवर चालतो, सगळ्यात सौम्य. प्रॅक्टिसमध्ये हे अगदी असंच दिसतं. जेवणानंतर गच्च वाटणाऱ्या माणसाला मी पावडर देतच नाही, नखाएवढा तुकडा चघळायला सांगतो, तेवढ्याने ढेकर सुटतात आणि पोट हलकं होतं. आणि ज्याचे संडासचे चार-पाच हेलपाटे होतायत, आव पडतेय, त्याने जर हिरडा म्हणजे पोटाचं औषध म्हणून कच्ची पावडर फाकली तर मग त्याचं काय होईल ते सांगायला नको.

तुमच्यासारख्या कोरड्या कोठ्याला यातला तळलेला प्रकार. एरंडेलात तळलेला बाळहिरडा. हा घरी करता येतो म्हणून नीट सांगतो. बाळहिरडे म्हणजे ते छोटे, काळे, मनुकेसारखे सुरकुतलेले, आत आठळी न धरलेले. ते आधी निवडून घ्यायचे, धूळ फडक्याने पुसायची, धुवायचे नाहीत कारण ओलावा राहिला की तेल अंगावर उडतं. लोखंडी कढई नको, का ते पुढे सांगतो, स्टीलचं किंवा पितळी कल्हईचं भांडं घ्या. खायचं एरंडेल, म्हणजे औषधी दर्जाचं, हिरडे जेमतेम बुडतील एवढं, आणि आच एकदम मंद. तीन-चार मिनिटांत हिरडे फुगायला लागतात, सुरकुत्या जातात, अंग गोल होतं आणि उचलून बघितलं तर आधीपेक्षा हलके लागतात. तेवढ्यात काढायचे. सगळ्यांची चूक इथेच होते, अजून जरा होऊ देत म्हणून ठेवतात आणि मग ते आतून कोळसा होतात, चव कडू जळकी येते, त्याचा काही उपयोग नाही. फुगलेला हिरडा गार झाल्यावर दोन बोटांत दाबला की कटकन मोडतो, आतून तपकिरी आणि जाळीदार दिसतो, हा बरोबर झाला. मग टिपकागदावर निथळून मिक्सरला बारीक करायचा. त्यात थोडं सैंधव, थोडी सुंठ घातली की झालं, गंधर्व हरीतकी (हरीतकी म्हणजे हिरडाच) नावाने जे तयार चूर्ण मिळतं ते जवळपास हेच.

आता हिरडा कोणता घ्यायचा. आपल्याकडे व्यापारात तीन नावं चालतात, बाळहिरडा, चांभारी हिरडा आणि सुरवारी हिरडा. तिन्ही एकाच झाडाचे, वयाचा फरक. आठळी धरायच्या आधी काढलेला किंवा गळून पडलेला तो बाळहिरडा, मधल्या वयाचा अर्धवट तयार तो चांभारी, जो जास्त करून कातडं कमवायला आणि रंगाला जायचा, आणि पूर्ण पक्व, मोठा, पिवळसर, भरीव तो सुरवारी. रसायन म्हणून, म्हणजे ताकदीसाठी दीर्घकाळ घ्यायचा असेल तर सुरवारी, पोटासाठी आणि तळून घ्यायला बाळहिरडा बरा. शास्त्रात विजया, रोहिणी, पूतना, अमृता, अभया, जीवंती, चेतकी अशा सात जाती दिल्यात, परीक्षेसाठी आम्ही सगळ्यांनी पाठ केल्यात, पण आज दुकानात जाऊन विजया द्या म्हणालात तर कुणीही काहीही देईल, त्याच्या मागे लागू नका.

हे फळ येतं कुठून तेही माहीत असावं, कारण बऱ्याच जणांना वाटतं हे पाकीट कुठल्या तरी फॅक्टरीत उगवतं. सह्याद्रीत जुन्नर, आंबेगाव, भीमाशंकरच्या डोंगरांत, तिकडे महाबळेश्वरच्या पठारावर हिरड्याची भरपूर झाडं आहेत. उन्हाळ्यात महादेव कोळी आणि बाकीची आदिवासी कुटुंबं झाडावर चढून बाळहिरडा काढतात, अंगणात, कातळावर वाळवतात, वर्षाचा रोख पैसा बऱ्याच घरांत त्याच्यावरच असतो. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात त्या भागातल्या हिरड्याचं मोठं नुकसान झालं होतं आणि त्याच्या भरपाईसाठी लोकांना पुढे बरीच वर्षं भांडावं लागलं. इंग्रजांच्या काळात तर हिरडा बोटी भरभरून विलायतेला जायचा, औषधाला नाही, चामड्याच्या कारखान्यांना, आणि तिकडच्या बाजारात मालाच्या प्रती बंदरांच्या आणि गावांच्या नावाने ओळखल्या जायच्या, भिमली, जबलपूर, आणि आपलं वेंगुर्ला. कोकणातल्या वेंगुर्ल्याचं नाव हिरड्याच्या प्रतीला होतं हे मला तरी भारी वाटतं. असो.

सुरवारी हिरडा निवडताना साधी परीक्षा, फळ हाताला जड लागलं पाहिजे, गोल आणि गुळगुळीत, भोकं नकोत, आणि पाण्यात टाकलं की बुडलं पाहिजे. तरंगतंय म्हणजे आतून पोकळ नाहीतर किडलेलं. फोडल्यावर आठळीवरचा गर जाड आणि पिवळट तपकिरी हवा. औषधात फक्त हा गर, आठळी नाही. आणि तयार पावडरीत मुख्य घोळ इथेच असतो. फळाच्या वजनात आठळीचा वाटा बराच मोठा आहे, ती काढायला मेहनत लागते, मग सगळंच दळून टाकलेलं असतं. तशी पावडर बोटांत चोळली की वाळूसारखी खरखरते, रंग फिकट असतो आणि चव मिळमिळीत. चांगली पावडर तळहातावर रेशमासारखी पसरते आणि चिमूटभर जिभेवर ठेवली तर तोंड वाकडं झालंच पाहिजे. शक्य असेल तर अख्खा हिरडा आणा, खलबत्त्यात फोडा, आठळी फेका आणि लागेल तेवढंच दळा. चूर्णाची ताकद दोन महिन्यांनी उतरते असं जुन्या ग्रंथात आहे आणि मला ते पटतं, पावसाळ्यात तर आधीच दमट होऊन गोळे धरतात.

लोखंडाचं सांगायचं राहिलं. हिरडा ओला करून लोखंडी सुरीने कापा, पाच मिनिटांत सुरी आणि फळ दोन्ही निळसर काळं. टॅनिन आणि लोह भेटले की शाई तयार होते, खरीखुरी शाई, पूर्वी लिहायची शाई अशीच करायचे, आणि कलमकारीचं कापड आधी हिरड्याच्या पाण्यात बुडवतात ते यासाठीच, त्यावर लोहाचं पाणी फिरवलं की काळा रंग पक्का बसतो. हेच पोटात होतं. म्हणून ज्यांना रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी हिरडा, त्रिफळा आणि ती गोळी एकावेळी घेऊ नये, मध्ये निदान दोन-तीन तास जाऊ द्या, नाहीतर गोळी पोटात जाते आणि तशीच बाहेर पडते. बायकांमध्ये हे फार बघतो, सकाळी उपाशीपोटी त्रिफळा आणि लगेच लोहाची गोळी, आणि मग सहा महिने हिमोग्लोबिन काही हलत नाही. केसांना लावायला मात्र लोखंडी कढईत रात्रभर भिजवलेला त्रिफळा मुद्दाम वापरतात, तिथे काळा रंगच हवा असतो.

आता त्रिफळा घेऊ का. त्रिफळ्यात हिरडा आहेच, बरोबर बेहडा आणि आवळा. आवळ्यामुळे तो थंड आणि जरा कमी कोरडा पडतो, म्हणून नुसत्या हिरड्यापेक्षा बहुतेकांना जास्त मानवतो, पण तुमचं मूळ दुखणं कोरडेपणाचं असेल तर नुसती पाकिटं बदलून फरक पडणार नाही. प्रमाणावरून नेहमी वाद होतो म्हणून सांगतो, कुणी म्हणतं तिन्ही समान, कुणी म्हणतं एक-दोन-चार. एक हिरडा, दोन बेहडे, चार आवळे, हे फळांच्या नगाने आहे. ग्रंथात हिरड्याचं एक फळ दोन कर्ष (कर्ष हे जुनं वजनाचं माप), बेहडा एक कर्ष, आवळा अर्धा कर्ष असं वजन धरलंय, म्हणजे हिशोब करून बघा, वजनाने तिन्ही सारखेच येतात. काही लोक एक-दोन-चार हे वजनाने घेतात, त्याला आवळ्याचं चूर्ण म्हणावं, चुकीचं आहे असं नाही म्हणत, पित्ताच्या माणसाला चालून जातं, पण तो मग नेहमीचा त्रिफळा राहत नाही.

ऋतुहरीतकीचा, म्हणजे ऋतूप्रमाणे हिरडा कशाबरोबर घ्यायचा त्याचा, तक्ता पण सगळीकडे फिरतो, पावसाळ्यात सैंधवाबरोबर, शरदात साखरेबरोबर, हेमंतात सुंठ, शिशिरात पिंपळी, वसंतात मध आणि ग्रीष्मात गूळ. यातली कल्पना छान आहे, प्रत्येक ऋतूत जो दोष डोकं वर काढतो त्याला धरून जोडीदार बदलायचा. पण ही धडधाकट, पचन चांगलं असलेल्या माणसाने तब्येत राखायला घ्यायची पद्धत आहे. आधीच तक्रार असलेल्याने तक्ता भिंतीवर लावून वर्षभर घेत बसायची गोष्ट नाही. आणि भर उन्हाळ्यात, तोंड येणं, हातापायाची आग असलेल्या माणसाने गुळाबरोबर घेतला तर आग वाढेल, कारण हिरडा उष्ण आणि गूळही उष्णच.

बाकी उपयोग म्हणाल तर पोटापुरताच हिरडा धरू नका. खोकल्याची ढास लागते, विशेषतः रात्री आडवं पडल्यावर, तेव्हा तुपावर परतलेल्या हिरड्याचा तुकडा गालात धरून ठेवायचा, घसा आवळला जातो आणि ढास थांबते, गाणाऱ्या, शिकवणाऱ्या लोकांना हे फार उपयोगी. अगस्त्य हरीतकी, व्याघ्री हरीतकी, चित्रक हरीतकी हे अवलेह म्हणजे चाटणं याच धर्तीवरची, एक जुना खोकला-दम्याकडचा, एक ओल्या खोकल्याचा, एक सतत सर्दी-नाक चोंदण्याचा, पण ते स्वतःहून बाटली आणून सुरू करू नका, गुळाचं प्रमाण भरपूर असतं, डायबेटिसवाल्याला भलतंच व्हायचं. तोंडाच्या फोडांना, हिरड्या सुजून रक्त येत असेल तर हिरड्याचा कोमट काढा करून गुळण्या, दिवसातून तीनदा, दोन दिवसांत फरक कळतो. मूळव्याधीत, जिथे कोंब सुजलेत पण रक्त फार जात नाही, तिथे जेवणाआधी गूळ-हिरडा आणि जेवणात ताजं ताक ही जोडी मला अजून कुठल्याही मलमापेक्षा जास्त भरवशाची वाटते, गुळाचं डायबेटिसवाल्यांनी इथेही बघावं. डोकेदुखीवर जो पथ्यादि काढा देतात त्यात हिरडा, बेहडा, आवळा, किराईत, हळद, कडुनिंब आणि गुळवेल असते, पित्ताने ठणकणाऱ्या डोक्याला तो चांगला लागू पडतो, चव मात्र भयंकर. आणि ते डोळे त्रिफळ्याच्या पाण्याने धुवायचं खूळ आहे ना, ते घरी करू नका. नीट न गाळलेल्या पाण्यातला एखादा कण बुबुळाला ओरखडा काढतो, शिवाय ते पाणी निर्जंतुक नसतं, संसर्ग झाला तर डोळ्याशी खेळ होतो.

कुणी घेऊ नये हे स्पष्ट लिहितो कारण इथे हलगर्जीपणा नको. गरोदर बाईने घेऊ नये, ग्रंथातही स्पष्ट मनाई आहे. खूप अशक्त, कृश, नुकताच मोठ्या तापातून उठलेला, उपास करून थकलेला, रक्तस्राव झालेला, अंगात पित्त फार असलेला, यांनी नको. जुलाब-उलट्यांनी पाणी कमी झालेल्या माणसाला कच्चा हिरडा अजिबात नको. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर हिरड्यानेही साखर थोडी खाली येऊ शकते, म्हणून तपासत राहा आणि डॉक्टरांना सांगून घ्या. आणि पोट साफ न होण्याची सवय लहानपणापासून आहे ती वेगळी, पण चाळिशी-पन्नाशीनंतर अचानक सवय बदलली, संडासवाटे रक्त जातंय, काळी होतेय, वजन कमी होतंय, तर हिरडा-बिरडा बाजूला ठेवून आधी तपासण्या करा. तुमच्या प्रश्नात रक्ताचा उल्लेख नाही म्हणून मी घरचे उपाय सांगतोय, खडा धरून कधी लाल दिसलं तर मात्र थेट दाखवा.

आता बाळाचं. गुटीत हिरडा असतोच, बरोबर मुरुडशेंग, वेखंड, जायफळ, हळकुंड, सुंठ, काकडशिंगी, बदाम, खारीक असं घराघराप्रमाणे बदलत जातं. सहाणेवर आईच्या दुधात एकेकाचे ठरलेले वेढे उगाळून बोटाने चाटवायची आपली पद्धत. गुटीला माझा विरोध नाही पण डोळे झाकून पाठिंबाही नाही. पहिले सहा महिने बाळाला आईचं दूध सोडून काहीही लागत नाही, पाणीसुद्धा नाही, आणि आज बालरोगतज्ज्ञ हेच सांगतात, मीही तेच सांगतो. गुटीने बिघडतं ते बहुतेक वेळा औषधाने बिघडत नाही, अस्वच्छतेने बिघडतं. तीच मुळी रोज उगाळून तशीच ओली डब्यात टाकली जाते, फटींमध्ये बुरशी धरते, सहाण नुसती पाण्याने विसळतात, आणि मग बाळाला जुलाब लागले की परत हिरड्याचा एक वेढा वाढवतात. दुसरं म्हणजे जायफळ. बाळ रडतं म्हणून जायफळाचे वेढे वाढत जातात, बाळ गुंगून झोपतं आणि घरातले खूश, हे बरोबर नाही. वेखंड जास्त झालं की उलट्या होतात. आणि वर्षाच्या आत मध चाटवायचा नाही, मधातून येणाऱ्या एका जंतूच्या विषाने बाळ लुळं पडू शकतं, दुर्मीळ आहे पण जिवावर बेततं. तुमचं बाळ चार महिन्यांचं लिहिलंय, त्याचं पोट फुगतंय असं वाटत असेल तर दूध पाजल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर काढा, पोटाला कोमट तेलाचा हलका हात फिरवा, पाय सायकलसारखे हलवा, आणि डॉक्टरांना दाखवा. हिरड्याची घाई नको. मोठ्यांना सेफ किंवा आजीच्या काळापासून चालत आलंय म्हणजे तान्ह्यालाही सेफ हा हिशोब चुकीचा आहे, हे जरा घरात सगळ्यांना समजावून सांगा, सासूबाईंना सांगायला अवघड जातं हे मला कळतं.

तुम्ही काय करायचं ते एका ठिकाणी लिहितो. आठ-दहा दिवस हिरडा बंद. दुपारच्या जेवणात भातावर किंवा पोळीवर साधारण दोन छोटे चमचे तूप, कोलेस्टेरॉल वगैरे काही असेल तर आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा. रात्रीचं जेवण ओलसर, मुगाची खिचडी, दुधी-पडवळाची रसभाजी, ताक रात्री नको. झोपताना दहा-बारा काळ्या मनुका भिजवून चावून, पाण्यासकट. सकाळी उठल्यावर कोमट पाणी आणि संडासला जायची वेळ ठरलेली ठेवा, मोबाईल बाहेर. एवढ्यानेच निम्म्या लोकांचं काम होतं आणि ते परत माझ्याकडे येत नाहीत, धंद्याला वाईट पण चालायचंच. दहा दिवसांनी अजून खडा असेल तर वर सांगितलेला एरंडेलात तळलेला हिरडा, पाव चमच्याने सुरवात, रात्री जेवणानंतर तासाभराने गरम पाण्यातून. दोन-तीन दिवसांनी गरज वाटली तर अर्ध्या चमच्यापर्यंत न्या, त्याच्या वर नाही. कच्च्या हिरडा चूर्णाची पुस्तकी मात्रा दिवसाला तीन ते सहा ग्रॅम आहे, पण ती वैद्याच्या देखरेखीखाली, आणि तुमचा घरचा भरलेला चमचा किती ग्रॅमचा आहे ते तुम्हालाही माहीत नाही. तीन आठवडे घेऊन थांबा, आतड्याला स्वतः काम करू द्या. मुरडा आला किंवा पातळ झालं तर त्याच दिवशी बंद.

राहता राहिलं झाड. जरूर लावा, पण लवकर फळ मिळेल या आशेवर लावू नका, वाढ अगदी सावकाश, फळाला बरीच वर्षं थांबावं लागतं. ऐन, किंजळ, अर्जुन, बेहडा या सगळ्यांच्याच कुळातलं हे, त्यामुळे नर्सरीत रोप ओळखताना गोंधळ होतो. हिरड्याचं पान बेहड्यापेक्षा लहान, समोरासमोर किंवा जरा वरखाली येतं, देठ जिथे पानाला मिळतो तिथे दोन बारीक गाठी हाताला लागतात, पण या कुळातल्या दुसऱ्या झाडांनाही अशा गाठी असतात, त्यामुळे खात्री फळावरूनच, हिरड्याला उभ्या पाच कंगोऱ्यांची खूण दिसते, बेहडा गोल आणि मखमली. शक्यतो फळ असलेल्या ओळखीच्या झाडाखालून स्वतः बी आणा. बी रुजायला मात्र फार नखरे, आठळी दगडासारखी असते. पक्व फळं गोळा करून गर काढून टाकायचा, आठळीच्या रुंद टोकाला कानसीने नाहीतर पकडीने हलकी खाच पाडायची, आतल्या बीला धक्का न लावता, आणि मग साधारण ३६ तास गार पाण्यात भिजवून पावसाळ्याच्या तोंडावर पिशवीत लावायची. किंवा अख्खी फळं ढिगात ओलसर ठेवून कुजू द्यायची, तेही चालतं, वास सहन करावा लागतो. तरी सगळ्या रुजतील असं धरू नका, एका रोपासाठी मूठभर बिया टाका. पाणी साचणारी काळी चिकट जमीन टाळा, मुरमाड उताराची चालेल, आणि सुरवातीची वर्षं काट्याचं कुंपण घाला, पाला गुरांना आवडतो.